पात्रता

माझं झेरॉक्सचं दुकान वडगावात, पॉवरलूमच्या दोन खोल्यांमध्ये.
इथं बोलायचं तर ओरडावं लागतं,
म्हणून पोरं आपली टक्केवारी
अख्ख्या गल्लीला ऐकवत फॉर्म भरतात.

तेजल मुतगेकर मात्र चिठ्ठीवर लिहून आली.
बी.एस्सी. विषय: शरीरक्रियाशास्त्र.

माहितीपत्रक उघडलं. वर कानडी, खाली इंग्रजी.
मी तिला ते मराठीत वाचून दाखवलं,
दोन्ही भाषा तिला माझ्यापेक्षा बऱ्या येतात
हे माहीत असून.

पीयूसी विज्ञान. रसायनशास्त्र हवं.
जीवशास्त्र हवं, प्रात्यक्षिकासह.
तिच्या मार्क्सकार्डावर चौथा विषय: संगणक.

"बायो घेतली नाहीस गे?"
"आमच्या कॉलेजात बायोची मॅडमच नव्हती की काका.
बरणीत एक बेडूक होता.
त्याचंही लेबल गळालेलं."

खाली बारीक अक्षरांत एक वाट होती.
वाट नेहमी बारीक अक्षरांतच असते,
एकवीस वर्षं फॉर्म भरतोय, मला विचारा.
जीवशास्त्र नसलेल्यांनी सहा आठवड्यांचा पूरक वर्ग करावा,
आणि दोनशे शब्दांत लिहावं:
हा विषय तुम्हाला का हवा.

ती सांगत गेली, मी टाइप करत गेलो.

बाबा झोपेत हात ओढतात.
हातमाग मोडून बावीस वर्षं झाली,
आता मशीनसमोर उभं राहून
तुटलेला धागा गाठायचा, एवढंच काम.
तरी रात्री दोन वाजता
उजवा हात धोट्याची दोरी ओढतो,
पाय अंथरुणात पावडी दाबतो,
आईच्या पोटरीला लागतं.
आई म्हणते, सवय.
डॉक्टर म्हणाले, सवय.

"पण काका, सवय राहते कुठं?
हातात, की पाठीच्या मणक्यात, की वर डोक्यात?
माग भंगारात गेला
हे त्या हाताला कुणीच कळवलं नाही का?"

हे मराठीत चालणार नव्हतं.
तिनं कीबोर्ड आपल्याकडे ओढून घेतला
आणि भराभर इंग्रजी करत गेली.
धोट्यापाशी अडली.
शटल म्हटलं तर त्यांना बॅडमिंटन वाटेल.
शेवटी रोमन अक्षरांत धोटाच लिहिला,
चुकला तर चुकला.

दोनशे एकोणीस शब्द. चौकोन लाल झाला.
मी म्हटलं, डॉक्टर काढू? भंगार काढू?
तिनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.
मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे.
"हे कुणी घातलं?"

मी घातलं होतं. मला कळलंही नव्हतं.
नर्सिंगच्या पोरींना घालतो, डिप्लोमावाल्यांना घालतो,
एकदा आयटीआयच्या वेल्डरलाही घातलं.
बोटं आपोआप जातात.

"मी तर नववीपर्यंत विज्ञानात जेमतेम पास," ती म्हणाली,
आणि ओळ पुसली.
अजून थोडे जास्तच होते. मग आई गेली.
पोटरी मात्र तिनं ठेवली.

मार्क्सकार्ड स्कॅन केलं, फोटो चढवला,
फोटोत कान दिसत नाहीत म्हणून पुन्हा काढला.
सबमिटवर बोट टेकवलं
आणि लाइट गेली.

सगळे माग एकदम थांबले.
गल्लीत एवढी शांतता झाली
की समोरच्या घरातलं कुकरचं झाकण ऐकू आलं.
आम्ही दोघं उगाच कुजबुजत बोलायला लागलो.
यूपीएस टीक टीक करत होता.
पडद्यावर गोल चक्र फिरत होतं, थांबत होतं, फिरत होतं.

तेजलनं डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवली,
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजत राहिली.
मी सहा मिनिटांची बॅटरी मोजत होतो.

"चौऱ्याण्णव," ती म्हणाली.
"चढ चढून आल्यावर असतात तेवढे."

खुर्चीत बसून तिला पाऊण तास झाला होता.